केळ्याचे काळे धागे

*ताई, माझा मुलगा साडेसहा महिन्यांचा आहे. गेल्या आठवड्यात वरचं खाणं सुरू केलं. पहिल्या दिवशी सफरचंद वाफवून, गाळून दोन चमचे दिलं, तर कडू औषध पाजल्यासारखं तोंड केलं आणि सगळं बाहेर. तिसऱ्या दिवशी केळं कुस्करून दिलं, ते मात्र मिटक्या मारत खाल्लं. दुसऱ्या दिवशी शीमध्ये बारीक काळे धागे! मला वाटलं जंत झाले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आता घरात प्रत्येकाचं मत वेगळं. सासूबाई म्हणतात, आधी रस द्यायचा, पचायला हलका. बहीण म्हणते, फळं आधी दिलीस तर गोडाची चटक लागेल, मग भाजीला तोंड लावणार नाही. नवऱ्याने भिंतीवर तक्ता लावलाय, एक फळ की मग चार दिवस थांबायचं. मैत्रिणीने व्हिडिओ पाठवलाय, त्यात एवढंसं बाळ अख्खं सफरचंद हातात धरून कुरतडतंय. नक्की कुठलं फळ द्यायचं, किती, कच्चं की शिजवून? केळ्याने सर्दी होते का? आणि मी जरा जास्तच घाबरट आहे का?*

*— डायपर उघडताना घाबरणारी आई*

ते जंत नाहीत. आधी एवढं ऐका, बाकीचं सावकाश वाचा.

एक केळं आडवं कापा आणि चकतीच्या मधोमध बघा. बारीक गडद ठिपके दिसतील. त्या केळ्याच्या न वाढलेल्या बिया. तिथले तंतू बाळाच्या पोटात नीट पचत नाहीत आणि आतड्यातून जाता जाता काळे पडतात. मग दुसऱ्या दिवशी शिवणाच्या दोऱ्याचे तुकडे पडावेत तसे ते डायपरमध्ये दिसतात. जंत पांढरट असतात, बऱ्याचदा वळवळतानाही दिसतात. हे धागे काळे, आखूड आणि निपचित. तरीही शंका असेल तर दोन दिवस केळं थांबवा, धागे गायब. पुन्हा द्या, धागे हजर. माझ्याकडे एकदा एक बाबा डबीत नमुना घेऊन आले होते, झाकणावर तारीख आणि वेळ लिहून. मी त्यांना टेबलावरच केळं कापून दाखवलं. ते इतके ओशाळले की उरलेलं केळं त्यांनीच खाऊन टाकलं.

असे धक्के अजून बसतील, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. ब्लूबेरी खाल्ली की शी काळसर-हिरवी होते. लाल गराचं ड्रॅगनफ्रूट खाल्लं की थेट गुलाबी. आंब्याचे तंतू आणि संत्र्याचा गर जसाच्या तसा बाहेर येतो. पपई, आंबा, गाजर असं पिवळं-केशरी बरंच पोटात गेलं तर काही बाळांचे तळहात, तळपाय आणि नाकाचा शेंडा पिवळसर होतो. ती कावीळ नव्हे. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच आहे ना, तेवढं बघा. डॉक्टरांकडे जायचं ते शीमध्ये रक्त दिसलं तर, ती डांबरासारखी काळीकुट्ट आणि चिकट झाली तर, किंवा खडूसारखी पांढरट झाली तर. लोहाचे थेंब चालू असतील तर शी गडद होतेच, ते वेगळं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. घाबरट आहात का? आहात थोड्या. पण तुम्ही घाबरताय ते फळाला, आणि फळ बिचारं साधं आहे. भीती वाटायची तर ती तुकड्याच्या आकाराची वाटू दे. मैत्रिणीचा व्हिडिओ मला तुमच्या काळ्या धाग्यांपेक्षा शंभर पटीने जास्त घाबरवतो.

माझ्या धाकट्याची गोष्ट सांगते. दहा महिन्यांचा होता. मी ताटलीत द्राक्षं घेऊन बसले होते, फोन वाजला म्हणून मान वळवली. वळून बघते तर बाळ शांत. तोंड उघडं, डोळे मोठे, आवाज नाही. रडणं नाही, खोकला नाही, काहीच नाही. त्याला हातावर पालथा घेऊन पाठीवर थोपटे दिले. तिसऱ्या थोपट्याला अख्खं द्राक्ष फरशीवर टपकलं आणि घरंगळत टेबलाखाली गेलं. मग तो रडला, आणि त्याच्याबरोबर मीही. मी मुलांची डॉक्टर आहे, ही भाषणं रोज देते, आणि तरीही ताटली त्याच्या हाताला लागेल अशी ठेवली होती.

द्राक्ष गोल, गुळगुळीत आणि किंचित दबणारं असतं. बाळाच्या अरुंद श्वासनलिकेत ते बाटलीच्या बुचासारखं घट्ट बसतं. म्हणून ते उभं चिरायचं, दोन नाही तर चार भागांत, आणि बी असेल तर काढून. आडवं चिरलेलं अर्ध द्राक्ष गोलच राहतं, त्याचा उपयोग नाही. ही उभी चार फोडींची सवय मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत मोडायची नाही. चेरीची बी काढून तसंच. ब्लूबेरी बोटाने दाबून चपटी करायची. कलिंगडाच्या बिया काढायच्या. संत्र्याची फोड पातळ पापुद्र्यातून सोडवून द्यायची. मनुका आणि सुकवलेली फळं अख्खी द्यायची नाहीत, कारण ती घशाला चिकटतात आणि नव्या दातांनाही. आणि कच्चं सफरचंद, कच्चं कडक पेअर? बाळाचे पुढचे दोन दात त्याचा टवका सहज काढतात, पण तो टवका चावायला लागणाऱ्या दाढा अजून हिरडीतच असतात. व्हिडिओतल्या बाळाचं काही झालं नाही, ठीक. ज्या बाळांचं झालं, त्यांचे व्हिडिओ कुणी टाकत नाही. सफरचंद बारीक किसून द्या, नाहीतर वाफवून मऊ करून द्या. फोड अंगठा आणि तर्जनीत धरून दाबा. सहज चेपली तर बाळाच्या हिरड्यांनाही जमेल.

इथे एक फरक ओळखायला शिका, नाहीतर प्रत्येक घासाला तुमच्या काळजाचं पाणी होईल. बाळाला उमासा येतो तेव्हा ते आवाज करतं, तोंड लाल होतं, जीभ बाहेर येते, डोळ्यांत पाणी येतं आणि घास पुढे ढकलला जातो. हे दिसायला भयंकर, पण शरीराचं राखणदाराचं काम चालू असल्याची खूण आहे. सहा-सात महिन्यांच्या बाळात हा राखणदार जिभेवर बराच पुढे उभा असतो, म्हणून उमासे जास्त येतात. तेव्हा ओरडू नका, तोंडात बोट घालू नका, त्याला निस्तरू द्या. खरा घास अडकतो तेव्हा आवाज नसतो. खोकला येत नाही, रडता येत नाही, ओठ निळसर पडायला लागतात. तेव्हा बाळाला हातावर पालथं घ्यायचं, डोकं छातीपेक्षा खाली, जबड्याला आधार, आणि तळहाताच्या टाचेने खांद्यांच्या मधोमध पाच जोरकस थोपटे. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या हाडावर मधोमध पाच वेळा दाबायचं. पुन्हा पाच, पुन्हा पाच. एकाने हे करायचं, दुसऱ्याने मदतीला फोन करायचा. घास दिसत नसताना तोंडात बोट फिरवायचं नाही, तो आत ढकलला जातो. हे नुसतं वाचून हाताला येत नाही. तुम्ही, नवरा आणि सासूबाई, तिघांनी एकदा प्रथमोपचाराच्या वर्गात बाहुलीवर करून बघा. नवऱ्याला तक्त्यांची आवड आहेच, तर भिंतीवर हा लावायला सांगा.

आणि बाळ खाताना ताठ बसलेलं हवं. रांगताना, गाडीत मागच्या सीटवर, आडवं पडून, हसवता हसवता नाही. समोर मोठं माणूस, आणि त्या माणसाच्या हातात फोन नको. हे मी स्वतःलाच जास्त सांगते आहे.

फळं तुम्हाला वाटतात त्यापेक्षा सोपी आहेत, हे एक. आणि तुम्हाला वाटतात तितकी महत्त्वाची नाहीत, हे दुसरं. वरचं खाणं म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे सफरचंदाचा लगदा येतो. पण सहा महिन्यांनी वरचं खाणं सुरू करायचं मोठं कारण फळांत फारसं नसतंच. ते कारण म्हणजे लोह. पूर्ण दिवसांचं बाळ जन्माला येताना लोहाचा साठा घेऊन येतं आणि तो साधारण सहा महिने पुरतो. अंगावरच्या दुधात बाकी बरंच काही उत्तम, पण लोह अगदी कमी. सात ते बारा महिन्यांच्या बाळाला दिवसाला ११ मिलिग्रॅम लोह लागतं असं अमेरिकेतलं प्रमाण सांगतं. शंभर ग्रॅम केळ्यात ते पाव मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे नुसत्या केळ्यांवर भागवायचं तर दिवसाला चार किलोंहून जास्त केळी! सफरचंदात तर त्याहूनही कमी. कापलेलं सफरचंद तपकिरी पडतं म्हणजे त्यात लोह आहे, ही समजूत कानावर आली असेल तर सोडून द्या. हवा लागली की फळातल्या एका एन्झाइममुळे रंग बदलतो, लोहाचा संबंध नाही. तपकिरी झालेला किस बाळाला खुशाल द्या.

लोह मिळतं ते डाळी-कडधान्यं, अंडं, मांस, मासे, लोह मिसळलेली तयार धान्यं यांतून. पण इथेच फळ कामाला येतं. डाळी आणि धान्यांतलं लोह शरीर सहजासहजी शोषून घेत नाही. त्याच जेवणात सोबत क जीवनसत्त्व असेल तर ते विरघळलेल्या रूपात राहतं आणि बरंच जास्त आत जातं. दुपारी डाळ आणि संध्याकाळी संत्रं असं केलं तर गाठ पडत नाही, दोन्ही एकाच बैठकीत हवं. आणि सगळी फळं सारखी नाहीत. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमहून जास्त क जीवनसत्त्व असतं, किवीत नव्वदच्या आसपास, पपईत साठ, स्ट्रॉबेरीतही जवळपास तेवढंच, संत्र्यात पन्नास. केळ्यात नऊ आणि सफरचंदात पाच. सगळे ज्या दोन फळांपासून सुरुवात करतात ती या कामात अगदी मागच्या बाकावर. ती वाईट नाहीत, सोयीची आहेत. पण मऊ शिजलेल्या डाळीनंतर दोन चमचे पिकलेली पपई, हे मला नुसत्या सफरचंदाच्या वाटीपेक्षा कितीतरी पटतं. पेरूचं कौतुक केलं म्हणून त्याच्या बिया मात्र देऊ नका. मऊ पिकलेला गर गाळून घ्या.

दुसरा हिशेब पोटाचा. बाळाचं पोट वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिलिलिटर धरतात. तुमचा मुलगा आठ किलोंचा असेल तर २४० मिलिलिटर, म्हणजे एक पेला. त्यातला बराचसा भाग अजून दुधाचाच आहे. उरलेल्या जागेत कलिंगड भरलं तर पाणी भरल्यासारखंच. शंभर ग्रॅम कलिंगडात तीसेक कॅलरी, केळ्यात नव्वदच्या आसपास, अवोकाडोत दीडशेच्या वर. कलिंगड द्या की, उन्हाळ्यात हात-तोंड माखून खाण्यात मजा आहे. जेवणाच्या जागी नको एवढंच.

सासूबाईंच्या रसाचं उत्तर याच हिशेबात आहे. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ मध्ये सरळ सांगितलं की एक वर्षापर्यंत फळांचा रस नको, घरी काढलेलासुद्धा. रस काढताना तंतू चोथ्यात जातात, उरतं ते गोड पाणी. ते पोट भरतं आणि दुधाची भूक मारतं. बाटलीतून दिलं तर उगवत्या दातांना साखरेची आंघोळ. पण सासूबाईंना 'तुमचं चुकतंय' असं म्हणू नका, कारण त्यांच्या काळात त्यांचं चुकत नव्हतं. तेव्हा डॉक्टरच क जीवनसत्त्वासाठी रस सांगायचे. माझ्या आईनेही मला तोच दिला. त्यांच्याकडे संत्र्याच्या फोडी सोलायचं काम सोपवा. पापुद्रा काढून गर न फोडता मोकळा करणं हे नाजूक आणि वेळखाऊ काम आहे. नातवासाठी ते त्या तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं करतील. तहानेसाठी कपातून दोन-चार घोट पाणी पुरे.

बहिणीच्या गोडाच्या भीतीबद्दल. बाळाला गोडाची ओढ जन्मतःच असते, ती फळाने लागत नाही. अंगावरचं दूधही गोडच आहे, शंभर मिलिलिटरमध्ये सुमारे सात ग्रॅम दुग्धशर्करा. पहिल्या आठवड्यात केळं खाल्लं म्हणून पाचव्या वर्षी भोपळा नाकारला, असं काही नसतं. भाजी आवडायला भाजीच पुन्हा पुन्हा द्यावी लागते. बहिणीच्या म्हणण्यात एक दाणा मात्र खरा आहे. भाजी खात नाही म्हणून प्रत्येक भाजीत सफरचंद मिसळायचं, ही युक्ती आपल्यावरच उलटते. बाळ सफरचंद शिकतं, भाजी शिकत नाही. पालक पालकासारखा लागू दे. आणि तयार पिशव्यांतला लगदा तोंडाला लावून चोखायची सवय नको. तो बहुतेक वेळा फळामुळे गोड असतो, आणि बाळ चमचा, चव, जाडेभरडेपणा काहीच शिकत नाही. कधी प्रवासात घेतलाच तर वाटीत पिळून चमच्याने द्या.

साखर, मीठ अजिबात नको. मधही नको, एक वर्ष पूर्ण होईपर्यंत थेंबभरही नाही. मधात बॉट्युलिझम या गंभीर आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांचं पोट त्यांना दाद देत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात. शिजवलेल्या सफरचंदावर 'चवीला' मध घालणारं कुणी ना कुणी भेटतंच, म्हणून सांगितलं.

नवऱ्याचा तक्ता. हेतू चांगला, जागा चुकली. पूर्वी तीन ते पाच दिवसांचं अंतर सगळ्याच पदार्थांना सांगत, अजूनही बरेच जण सांगतात. पण फळाची खरी ॲलर्जी तान्ह्या बाळात विरळा. चार दिवसांना एक फळ धरलं तर महिन्याला जेमतेम सात-आठ चवी, आणि हाच काळ नव्या चवी सहज स्वीकारण्याचा. फळांना एक-दोन दिवसांचं अंतर पुरे. नवीन फळ सकाळी द्या, म्हणजे काही झालंच तर दिवसाउजेडी दिसेल. तक्ता वापरा अंडं, शेंगदाणा, गाईचं दूध, गहू, सोया, तीळ, मासे आणि बदाम-काजू-अक्रोडासारखी कठीण कवचाची फळं यांच्यासाठी. तेही उशिरा देण्यासाठी नाही. उशीर केल्याने ॲलर्जी टळत नाही. शेंगदाण्याच्या बाबतीत तर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, जास्त धोका असलेल्या बाळांना लवकर दिल्याने ती कमी झालेली दिसली. अर्थात दाणे अख्खे नाहीत, गुळगुळीत पेस्ट पातळ करून. बाळाला अंगभर एक्झिमा (कोरडी, खाजरी, लालसर कातडी) असेल किंवा अंड्याची ॲलर्जी निघाली असेल तर मात्र आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

संत्रं, अननस, स्ट्रॉबेरी, टोमॅटो खाल्ल्यावर तोंडाभोवती लाल चट्टा उठला तर घाबरू नका. तो बहुधा आंबट रस कातडीला झोंबल्याचा असतो आणि तासाभरात जातो. खाण्याआधी ओठांभोवती व्हॅसलीनचं बोट फिरवलं तर तोही येत नाही. आंब्याच्या सालीतल्या चिकानेही चट्टा उठू शकतो, म्हणून साल जाड काढा आणि देठाकडचा भाग धुऊन घ्या. खरी ॲलर्जी वेगळी दिसते. तोंडापासून लांब, पोटा-पाठीवर गांध्या उठतात, ओठ किंवा डोळे सुजतात, पुन्हा पुन्हा उलट्या होतात. श्वासाला घरघर लागली किंवा बाळ एकदम मलूल, पांढरंफटक पडलं तर वाट न बघता दवाखाना. फळांमध्ये किवी जरा लक्ष ठेवून द्यावं असं, बाकी बहुतेक गरीब स्वभावाची.

मग पहिलं कुठलं? खरं सांगू, जे मऊ पिकलंय ते. क्रम असा नाही. पिकलेलं केळं, पपई, अवोकाडो, आंबा, पिकून रसाळ झालेलं पीच हे न शिजवताच, काट्याने कुस्करून. सफरचंद, कडक पेअर वाफवून. शिजवताना थोडं क जीवनसत्त्व जातं, पण सफरचंदात मुळात होतंच किती! एक मात्र करा, गाळणं आता सोडा. पहिले चार दिवस ठीक होतं. मिक्सरमधून काढून पुन्हा गाळलेला लगदा महिनोन् महिने दिला की बाळ गुठळी पाहून दचकायला लागतं. गुठळ्यांची ओळख नऊ-दहा महिन्यांच्या पुढे लांबवली की पुढे खाण्याच्या कटकटी वाढतात. या आठवड्यात काट्याने बारीक कुस्करा, पुढच्या महिन्यात जरा जाडसर.

आणि हातातही द्या. सहा महिन्यांचं बाळ चिमटीने उचलत नाही, मुठीने पकडतं. तुकडा मुठीच्या बाहेर डोकावेल इतका लांब हवा, तुमच्या बोटाएवढा. चिमटी जमायला आठ-नऊ महिने लागतात, छोटे मऊ तुकडे तेव्हा. केळं हातातून सुळकन निसटतं, त्याची एक गंमत आहे. सोललेल्या केळ्याच्या टोकावर मधोमध बोट हलकेच दाबा. ते आपोआप तीन उभ्या फाकांत उलगडतं, कारण केळं मुळातच तीन कप्प्यांचं फळ आहे. या फाका चकत्यांसारख्या गोल नसतात आणि त्यांना धार असते, म्हणून पकडही बसते. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी सलग चार केळी फाकवली होती, बाळ झोपलेलं असताना.

किती द्यायचं? सुरुवातीला एक-दोन छोटे चमचे. मग एका वेळेला दोन-तीन मोठे चमचे आणि आठ महिन्यांपर्यंत हळूहळू अर्धा कप, म्हणजे साधारण सव्वाशे मिलिलिटर, पण हे डाळ-भाजी-धान्य-फळ सगळं मिळून. दूध चालूच. त्याने तोंड फिरवलं, ओठ मिटले, चमचा ढकलला की संपलं. 'एवढा शेवटचा घास' नको.

केळ्याने सर्दी होत नाही. सर्दी विषाणूंनी होते, आणि ते केळ्यात नाही, घरी येणाऱ्या पाहुण्यांच्या हातांवर असतात. फ्रीजमधून काढलेलं गार फळ बाळाला रुचत नाही हे खरं, थोडा वेळ बाहेर ठेवून द्या. बद्धकोष्ठ मात्र होऊ शकतं, हिरवट केळ्याने. त्यातला स्टार्च अजून साखरेत उतरलेला नसतो. सालीवर तपकिरी ठिपके आले की द्या. शी कडक झालीच तर पेअर, पीच, आलुबुखार. त्यांत सॉर्बिटॉल असतं, ते आतड्यात पाणी ओढून घेतं.

फळ सोलायचं असलं तरी आधी वाहत्या पाण्याखाली धुवा. सुरी सालीवरचे जंतू आत घेऊन जाते, विशेषतः कलिंगड-खरबुजात. साबण नको, साल तो शोषते. कापलेलं फळ बाहेर दोन तासांवर ठेवू नका. वाटीत बाळाचा उष्टा चमचा गेला असेल तर उरलेलं टाकून द्या, लाळेतले जंतू त्यात वाढतात. म्हणून थोडं थोडं वेगळ्या वाटीत काढून घ्यायचं.

राहिलं ते वाकडं तोंड. ते नाव ठेवणं नाही. सहा महिने एकच चव, एकच ऊब, एकच पातळपणा, आणि एकदम आंबटगोड, दाट काहीतरी. आपणही दचकलो असतो. बाहेर आलं तेही बऱ्याचदा नकोय म्हणून नव्हे. जिभेला आजवर पुढे ढकलायचीच सवय आहे, मागे न्यायची कला ती आता शिकते आहे. एक पदार्थ आपलासा व्हायला आठ-दहा वेळा चाखावा लागतो, काहींना पंधरा. तुम्ही एकदाच दिलंत. माझ्या थोरलीने पपई नऊ वेळा थुंकली, मी कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या. दहाव्यांदा मी स्वतःच खात बसले होते, तर तिने माझ्या हातातून ओढून घेतली. परवा सफरचंद पुन्हा द्या. या वेळी न गाळता. आणि तुमच्या चेहऱ्यावर परीक्षेचा निकाल ऐकायला बसल्याचा भाव नको, तो त्याला दिसतो.

ता. क. केळ्याचा डाग ओला असताना काहीच दिसत नाही, वाळला की काळा-तपकिरी होतो. सफरचंद ज्या कारणाने काळवंडतं त्याच कारणाने. लगेच गार पाण्यात चोळा, आणि लाळेरी गडद रंगाची घ्या.